चार वर्षांची मुदत

क्लिफ बर्टन हे नाव या पुरवणीच्या सगळ्याच वाचकांना माहीत असेल असं नाही. पण घरातलं कुणी कधी काळी केस वाढवून, काळे टी-शर्ट घालून हिंडलं असेल, तर त्याला विचारून पाहा. आईला किंवा काकांना हे नाव कुठून कळलं, म्हणून तो क्षणभर तुमच्याकडे संशयाने पाहील आणि मग अर्धा तास बोलत बसेल. मेटॅलिका या अमेरिकन बँडचा हा बास गिटारवादक. १० फेब्रुवारी १९६२ ला जन्मला आणि २७ सप्टेंबर १९८६ ला गेला. म्हणजे आयुष्य चोवीस वर्षं साडेसात महिन्यांचं, आणि त्यातली मेटॅलिकामधली वर्षं पुरती चारही नाहीत. एवढ्यात त्याने तीन अल्बम केले. त्याला जाऊन आता त्याच्या आयुष्याच्या दीडपटीहून जास्त काळ लोटला, तरी जगभर नवी नवी मुलं त्याचं वादन ऐकून बास गिटार हातात घेतात.

बँड म्हटलं की माझ्या पिढीला वरातीतला बँडच आठवतो. माझा कान भीमसेन, वसंतराव आणि आकाशवाणीवरच्या ‘आपली आवड’वर पोसलेला. अडतीस वर्षं बँकेत नोकरी केली आणि रात्री जागून कादंबऱ्या लिहिल्या. या सगळ्यात थ्रॅश मेटल नावाच्या संगीताला शिरकाव करायला जागाच नव्हती. ते आलं भाच्याबरोबर. १९९६ मध्ये तो इंजिनिअरिंगला म्हणून आमच्याकडे राहायला आला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत कपडे कमी आणि कॅसेट जास्त होत्या. पहिल्या आठवड्यात आमच्या हिने त्याला विचारलं, की हे गाणं आहे की टेपरेकॉर्डर बिघडलाय? त्याने मनावर घेतलं नाही. उलट तिला शेजारी बसवून कोणतं वाद्य कुठे वाजतंय ते समजावून सांगितलं. समजावणं दोन वर्षं चाललं आणि शेजारच्या खोलीत बसून मी ते ऐकत होतो. तरीही मला क्लिफ बर्टनपाशी नेलं ते संगीताने नव्हे. भाच्याने एकदा जेवताना त्याच्या आईवडिलांनी केलेल्या एका कराराची गोष्ट सांगितली आणि माझ्यातला बँकवाला घास हातात धरून थांबला.

करार असा. मुलगा शाळेत बेताचा. शाळा संपवून त्याने घरी सांगितलं, की मी संगीतच करणार. आईवडिलांनी नाही म्हटलं नाही आणि डोळे झाकून होही म्हटलं नाही. चार वर्षं आम्ही तुझं घरभाडं आणि जेवणखाण बघू, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्या वेळात थोडीफार, अगदी संथ का होईना, प्रगती दिसली पाहिजे. ती दिसली नाही, यावर पोट भरणार नाही असं स्पष्ट झालं, तर तू नोकरी शोधायचीस. मुलाने ते मान्य केलं. संपला करार.

मी पुढे काही वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बसलो. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, व्यवस्थापन यांचे रकाने भरून शेकडो प्रकरणं मंजूर केली. एकदा एक वडील मुलीला घेऊन आले. तिला तबला शिकायला कोलकात्याला जायचं होतं, गुरूंनी घ्यायचं कबूल केलं होतं, प्रश्न फक्त राहण्याजेवणाचा होता. आमच्या छापील अर्जात त्यासाठी रकानाच नव्हता. मी त्यांना ते सांगितलं. ते उठून नमस्कार करून गेले. त्या संध्याकाळी मला हा कॅलिफोर्नियातला करार आठवला. त्याच्यात तारण नाही, जामीनदार नाही, व्याज नाही. पण मुदत आहे. आणि अट यशाची नाही, प्रगतीची आहे. हा फरक मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे मुलांना एक तर सगळं आयुष्य मोकळं सोडतात किंवा एक दिवसही देत नाहीत.

करार करणारे हे आईवडील कोण होते? वडील रे बर्टन रस्तेबांधणीच्या खात्यात अभियंता. आई जॅन शिक्षिका, विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवणारी. गाव कॅस्ट्रो व्हॅली, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्वेला, टेकड्यांच्या कुशीतलं. आज तिथून अर्ध्या तासावरच्या फ्रीमॉन्टमध्ये आपल्याकडची इतकी कुटुंबं आहेत, की गणपतीत मोदकांना तोटा नसावा; पण त्या काळात हा सगळा पट्टा साध्या मध्यमवर्गीय अमेरिकन वस्तीचा होता. तीन मुलं. स्कॉट, कॉनी आणि धाकटा क्लिफ. वडिलांना पाश्चात्त्य अभिजात संगीताची आवड, तेव्हा ते घरात लागायचंच. क्लिफ लहानपणी पियानो शिकला. मूल शांत, वाचणारं, स्वतःच्या मर्जीचं. यापेक्षा जास्त काही सांगण्यासारखं त्याच्या बालपणात १९७५ पर्यंत नाही.

१९७५ च्या मे महिन्यात स्कॉट गेला. वय सोळा. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. क्लिफ तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्यानंतर त्याने बास गिटार शिकायला घेतली आणि आपण भावासाठी सगळ्यात चांगला बासवादक होणार असं तो बोलल्याचं आई पुढे सांगत असे. असल्या गोष्टी मागाहून रचल्या जातात हे कादंबरीकार म्हणून मला ठाऊक आहे. पण इथे विश्वास ठेवावासा वाटतो, कारण पुरावा बोलण्याचा नाही, तासांचा आहे. हा मुलगा रोज चार ते सहा तास रियाज करायचा. रियाज हाच शब्द वापरतो, कारण दुसरा चपखल बसत नाही. मेटॅलिकात गेल्यावर, नाव झाल्यावरही ते तास कमी झाले नाहीत. शिक्षक केले ते एकामागून एक, आणि आईच्या सांगण्याप्रमाणे एका शिक्षकाच्या पुढे गेला की दुसरा शोधायचा. त्यातल्या एकाने त्याला बाख वाजवायला लावलं. अठराव्या शतकातल्या जर्मन चर्चमधल्या ऑर्गनवादकाचं संगीत आणि केस पाठीवर सोडलेला, खाली रुंद होत गेलेल्या बेलबॉटम पँट घालणारा कॅलिफोर्नियातला पोरगा यांची गाठ तिथे पडली ती शेवटपर्यंत सुटली नाही.

बास गिटार म्हणजे काय हे थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. नेहमीच्या गिटारला सहा तारा असतात, हिला बहुधा चार. जाड, खालच्या पट्टीच्या. तिचं काम सहसा मागे राहून आधार धरायचं. आपल्या तबल्याच्या जोडीत डग्गा जे करतो, तसं. लोक टाळी देतात ती चाटीवरच्या बोटांना. पण डग्ग्याची घुमार काढून घ्या, मग तबला कसा सुका लाकडासारखा वाजतो बघा. बहुतेक रॉक बँडांमध्ये बासवादक हा कोपऱ्यात उभा राहणारा, छायाचित्रात कडेला येणारा माणूस. क्लिफने काय केलं, तर हा डग्गा पुढे आणला. प्लास्टिकची पट्टी न वापरता बोटांनी वाजवायचं, आणि पायाखालच्या पेटीतून आवाज असा फाडून, वळवून काढायचा की ऐकणाऱ्याला वाटावं मुख्य गिटारच वाजतेय. शाळेतल्या त्याच्या पहिल्या बँडमध्ये जिम मार्टिन आणि माइक बोर्डिन हे सोबती होते. दोघेही पुढे फेथ नो मोअर या बँडमुळे जगाला ठाऊक झाले. एका गावच्या शाळेतून असे तिघे निघावेत याला काय म्हणावं? आपल्याकडे असं झालं की आपण मातीला श्रेय देतो.

इकडे दक्षिणेला लॉस एंजेलिसमध्ये १९८१ मध्ये लार्स उल्रिक नावाच्या डॅनिश मुलाने वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली, की ब्रिटिश हेवी मेटल वाजवायला साथीदार हवेत. हा एका नामवंत टेनिसपटूचा मुलगा, स्वतः ड्रम वाजवणारा. जाहिरातीला जेम्स हेटफिल्ड आला. गाणारा, गिटार वाजवणारा, आणि सोळाव्या वर्षी आई गमावलेला. या दोघांनी मेटॅलिका सुरू केली. ब्रिटिश हेवी मेटलचे भारदस्त सूर घ्यायचे, त्यांना पंक संगीताचा वेग द्यायचा आणि उजव्या हाताने तारेवर सतत वरून खालीच घाव घालत राहायचं, म्हणजे जे होतं त्याला पुढे थ्रॅश मेटल नाव पडलं. गाण्यांत प्रेम जवळजवळ नाही. युद्ध, मृत्यू, वेड, व्यसन आणि सत्तेचा माज. आमच्या हिचं म्हणणं असं की विषय कीर्तनातलेच आहेत, चाल तेवढी वेगळी.

१९८२ मध्ये हेटफिल्ड आणि उल्रिक लॉस एंजेलिसच्या एका क्लबमध्ये ट्रॉमा नावाच्या बँडला ऐकायला गेले. मंचावरून एक भन्नाट गिटार ऐकू येत होती. कोण वाजवतंय म्हणून ते गिटारवाल्यांकडे पाहू लागले, तर ती बास होती. त्या क्षणापासून त्यांनी क्लिफचा पिच्छा पुरवला. त्याने महिनोन्‌महिने दाद दिली नाही. शेवटी तयार झाला तो एका अटीवर. मी तुमच्या गावात येणार नाही, तुम्हीच माझ्याकडे या. आणि काय आश्चर्य, अख्खा बँड बिऱ्हाड गुंडाळून सहाशे किलोमीटर उत्तरेला सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहायला गेला! एका बासवादकासाठी! नवऱ्या मुलाने लग्नासाठी सासुरवाडीला घर करावं तसं. क्लिफ स्वतः आईवडिलांच्या घरीच राहत होता. ५ मार्च १९८३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘द स्टोन’ या क्लबमध्ये तो त्यांच्याबरोबर पहिल्यांदा मंचावर उभा राहिला. तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी, नव्याने लागलेल्या नोकरीत, दिव्याखाली खतावणीची बेरीज जुळवत होतो. दोघांच्या वयात जेमतेम एका वर्षाचं अंतर.

पैशाची बाजू मला नेहमी जास्त दिसते. मेटॅलिकाची एक कॅसेट हातोहात फिरत न्यू जर्सीच्या जॉन झाझुला या माणसाकडे पोचली. हा आणि त्याची बायको मार्शा बाजारात गाळा घेऊन रेकॉर्ड विकायचे. त्यांनी या मुलांना बोलावून घेतलं. मुलं भाड्याच्या ट्रकमधून साडेचार हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून पूर्व किनाऱ्यावर आली. कुठलीही रेकॉर्ड कंपनी दार उघडेना, तेव्हा झाझुला नवराबायकोने स्वतःची कंपनी काढली आणि घर गहाण ठेवलं. पदरी लहान मूल असलेलं जोडपं चार केसाळ, सदा भुकेल्या पोरांसाठी घर गहाण ठेवतं आहे, हे प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी काय शेरा मारला असता ते लिहीत नाही. एप्रिलमध्ये मुख्य गिटारवादक डेव्ह मस्टेन याला दारूपायी आणि भांडणांपायी काढून टाकण्यात आलं. त्याला बसमध्ये बसवून परत कॅलिफोर्नियाला धाडलं. त्याने पुढे मेगाडेथ काढून आपला हिशेब वेगळ्या रीतीने चुकता केला. त्याच्या जागी कर्क हॅमेट आला. मे महिन्यात रॉचेस्टर गावी ध्वनिमुद्रण झालं आणि २५ जुलै १९८३ ला ‘किल ’एम ऑल’ हा पहिला अल्बम निघाला. त्याचं मूळ ठरलेलं नाव इतकं अर्वाच्य होतं की वितरकांनी ते घ्यायला नकार दिला. त्यावर या सगळ्यांना मारूनच टाकलं पाहिजे असं क्लिफ रागाने म्हणाला आणि तेच नाव झालं. त्याच अल्बमवर चार मिनिटांचं त्याचं एकट्याचं वादन आहे. नवख्या बँडच्या पहिल्या अल्बमवर नव्या बासवादकाला स्वतंत्र वादन देणं म्हणजे संगीत नाटकात साथीच्या सारंगीवाल्याला एक अख्खा प्रवेश देण्यासारखं होतं.

पण त्याचं खरं काम दिसलं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या अल्बममध्ये, आणि ते काम स्वतः वाजवण्यापेक्षा इतरांना शिकवण्याचं होतं. बँडमध्ये शिस्तीत संगीत शिकलेला तो एकटाच म्हणावा असा. आपलं संगीत एका वेळी एकाच सुरावटीवर चालतं; तिलाच फुलवत, वळवत नेतं. पाश्चात्त्य संगीतात दोन, तीन, चार सुरावटी एकाच वेळी शेजारून चालतात, एकमेकींना टेकतात, दूर जातात. याला ते हार्मनी म्हणतात आणि बाख त्यातला मेरू. क्लिफने हेटफिल्डला हे शिकवलं. दोन गिटारी वेगवेगळ्या सुरांनी चालून एक तिसराच भाव कसा उभा करतात, हे दाखवलं. नुसत्या वेगावर जगणाऱ्या बँडला त्यामुळे खोली आली. १९८४ च्या सुरुवातीला बॉस्टनमध्ये त्यांचं सामान चोरीला गेलं. तशा अवस्थेत ते कोपनहेगनला गेले आणि तिथल्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत फ्लेमिंग रासमुसेन या ध्वनिमुद्रकाबरोबर ‘राइड द लाइटनिंग’ केलं. पैसे नव्हते, स्टुडिओतच झोपायचे. त्या अल्बमचं पहिलं गाणं बँडच्या सर्वांत वेगवान गाण्यांपैकी एक, पण त्याच्या तोंडाशी अगदी नाजूक, जुन्या राजवाड्यातल्या वाद्यासारखी सुरावट येते. ती क्लिफची. त्याच अल्बमवर हेमिंग्वेच्या युद्धकादंबरीचं नाव घेतलेलं गाणं आहे. घंटेच्या टोलामागून जो खरखरीत, पायऱ्या उतरल्यासारखा सूर येतो तो सगळ्यांना गिटारचा वाटतो. भाच्याने मला तीनदा ऐकवून पटवलं, की तीही क्लिफची बासच. शाळेनंतरच्या दिवसांपासून ही सुरावट तो बोटांत घेऊन हिंडत होता.

१९८४ च्या शरदात इलेक्ट्रा या बड्या कंपनीशी करार झाला. कॅस्ट्रो व्हॅलीच्या घरातली मुदत आता कुणी मोजत नव्हतं.

तो माणूस म्हणून कसा होता? मला तो थोडा आपल्या वारकऱ्यांसारखा वाटतो, आणि हे ऐकून दोन्हीकडचे लोक रागावतील. भोवती झगमगाट आला तरी त्याने पेहराव बदलला नाही. बाकीचे तंग पँटी घालू लागले, हा बेलबॉटममध्येच. बरोबरीचे थट्टा करायचे, याच्या कपाळावर आठी नाही. गाडी जुनी हिरवी फोक्सवॅगन. वाचन भयकथाकार लव्हक्राफ्टचं; त्याच्या एका कथेवरून बँडच्या एका शब्दावाचूनच्या रचनेला नाव मिळालं. बाख ऐकायचा, सायमन आणि गारफंकेलची साधी मृदू गाणीही ऐकायचा. दारू, गांजा यांपासून तो दूर नव्हता हेही लिहिलं पाहिजे. संतचरित्र लिहायला मी बसलेलो नाही. पण भांडण झालं की सगळे ज्याच्या तोंडाकडे पाहायचे तो हाच होता.

‘मास्टर ऑफ पपेट्स’ हा तिसरा अल्बम पुन्हा कोपनहेगनला झाला, १९८५ च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, आणि ३ मार्च १९८६ ला बाजारात आला. आठ रचना, पंचावन्न मिनिटं. रेडिओवर जवळजवळ वाजला नाही, चित्रफीत काढली नाही. तरी खपला. त्यातल्या शेवटच्या गाण्याच्या आधी धुक्यातून आल्यासारखे बासचे सूर येतात. ते मृत्यूला गोड म्हणून साद घालणाऱ्या बाखच्या एका भक्तिगीतावर बेतलेले आहेत. आणि ‘ओरायन’. साडेआठ मिनिटांची, शब्द नसलेली रचना. मी या सगळ्या संगीतातलं एवढंच एक आपण होऊन लावतो. मध्यावर सगळा गोंगाट ओसरतो आणि बास एकटी, सावकाश चालू लागते, मग तिच्याभोवती एकेक गिटार येऊन उभी राहते. आमच्या हिने ते ऐकून चहा खाली ठेवला होता. ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र.

त्या वर्षीच्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत ते ओझी ऑस्बॉर्नच्या दौऱ्यावर त्याच्या आधी वाजवत अमेरिकाभर फिरले. दौरा त्यांना हजारोंच्या प्रेक्षकांपुढे घेऊन गेला. मधेच हेटफिल्डने स्केटबोर्डवरून पडून मनगट मोडून घेतलं. सप्टेंबरात युरोपचा दौरा निघाला. २६ सप्टेंबरला स्टॉकहोमजवळच्या सोल्ना इथे कार्यक्रम झाला आणि रात्री ते बसने कोपनहेगनकडे निघाले.

बसमधल्या बर्थवरून क्लिफ आणि हॅमेट यांच्यात वाद झाला. पत्ते काढायचं ठरलं. क्लिफने इस्पिकचा एक्का काढला आणि हॅमेटचा बर्थ मागून घेतला. पहाटे, सातच्या आत, दक्षिण स्वीडनमधल्या डोरार्प गावाजवळ बस रस्ता सोडून घसरली आणि उलटली. क्लिफ खिडकीतून बाहेर फेकला गेला आणि बस त्याच्या अंगावर आली. इतर जण किरकोळ जखमांवर वाचले. रस्त्यावर बर्फाचा न दिसणारा थर होता असं चालकाने सांगितलं. हेटफिल्ड अंतर्वस्त्रांवर, पायांत नुसते मोजे घालून, त्या थंडीत मैलभर मागे पुढे चालत तो बर्फ शोधत राहिला आणि त्याला तो सापडला नाही. चौकशी झाली, चालकावर दोष ठेवला गेला नाही.

रस्ते बांधणाऱ्या बापाचा मुलगा रस्त्यावर जातो. पत्ता निघतो तो इस्पिकचा एक्का. एका मुलाला मेंदूतल्या रक्तवाहिनीने नेलेलं घर अकरा वर्षांनी दुसऱ्यालाही निरोप देतं. कादंबरीत मी यातली एकही गोष्ट घातली नसती, संपादकाने लाल रेघ मारली असती. ७ ऑक्टोबरला अंत्यविधी झाला, तिथे ‘ओरायन’ लावलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ‘मास्टर ऑफ पपेट्स’च्या पाच लाख प्रतींच्या खपाची अधिकृत नोंद झाली.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत अवघड वाटते. बँड थांबवायचा का, हा प्रश्न उरलेल्या तिघांपुढे होता, आणि पुढे जा असा आशीर्वाद दिला तो क्लिफच्या घरच्यांनी. ऑक्टोबर संपण्याआधी जेसन न्यूस्टेड हा नवा बासवादक निवडला गेला. तो क्लिफचा भक्त होता, गाणी पाठ करून आला होता. आमच्या एका शाखेत रोखपाल अचानक गेला आणि त्याच्या जागी दुसऱ्या गावाहून एक तरुण आला. सज्जन, कामाला चोख. सहा महिने कुणी त्याला त्याच्या नावाने हाक मारली नाही. पैसे कमी भरले की आधीचा असता तर, असं म्हणायचे. न्यूस्टेडचं तेच झालं. त्याची टर उडवली गेली, त्याला छळलं गेलं आणि १९८८ च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ या अल्बमच्या अंतिम मिश्रणात त्याची बास इतकी खाली दाबली गेली की ती ऐकूच येत नाही. तुम्ही कुठेही ऐका, डग्गा नाही. मुद्दाम केलं का चुकून, यावर चाहते आजही भांडतात. मला ऐकताना वाटतं, की त्या घरात एक खुर्ची रिकामी ठेवलेली आहे आणि तीवर बसलेल्या जिवंत माणसाकडे बघायला कुणी तयार नाही. शोक न करता कामाला लागलेल्या पंचविशीच्या पोरांनी केलेला हा अन्याय होता. न्यूस्टेडने तो चौदा वर्षं सोसला आणि २००१ मध्ये तो बाहेर पडला. त्याच अल्बमवर क्लिफच्या मागे उरलेल्या सुरावटी जोडून केलेली एक लांब रचना आहे आणि तिच्यावर त्याचं नाव आहे.

योगायोग असा, की क्लिफ गेला त्याच १९८६ मध्ये मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाला. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात पुढे कितीतरी वर्षं मुलं या बँडची गाणी वाजवत राहिली. ३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आली तेव्हा भाचा चाळिशीकडे झुकलेला होता, दोन मुलांचा बाप. तरी रजा टाकून उद्यान एक्स्प्रेसने गेला. दोन दिवस आधीचा गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द होऊन तिथे तोडफोड झाली होती, म्हणून त्याची आई जीव मुठीत धरून बसलेली. तो घसा बसवून सुखरूप परतला.

बँडने ‘ओरायन’ मंचावर पुरतं वाजवलं ते २००६ मध्ये, क्लिफला जाऊन वीस वर्षं झाल्यावर. त्याच वर्षी ऑक्टोबरात डोरार्पला त्याच्या नावाचा दगड उभारला गेला. २०१६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत ‘मास्टर ऑफ पपेट्स’ घेतलं. या जातीच्या संगीतातलं ते पहिलं.

जॅन १९९३ मध्ये वारल्या. रे बर्टन मात्र बँडच्या कार्यक्रमांना जात राहिले. पांढऱ्या केसांचा तो म्हातारा मंचामागे आला की पोरं उठून उभी राहायची. ४ एप्रिल २००९ ला क्लीव्हलंडला बँडचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा क्लिफच्या वतीने मानचिन्ह घ्यायला तेच गेले. त्या रात्री न्यूस्टेडही आला होता आणि आताच्या बासवादकाबरोबर मंचावर वाजवत होता.

मुलाच्या रॉयल्टीचे पैसे रे यांच्याकडे येत. ते त्यांनी कॅस्ट्रो व्हॅलीच्या शाळेत, क्लिफच्याच शाळेत, संगीत शिकू पाहणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीला दिले. २०२० च्या जानेवारीत ते गेले, वय चौऱ्याण्णव. शिष्यवृत्ती मिळालेली मुलं त्यांना आभाराची पत्रं लिहायची.